पहिल्या खुर्चीवर कोण बसणार?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरात आजवर किती सत्कार झाले? एकसष्टी, पंचाहत्तरी, सेवानिवृत्ती, दहावीत चमकलेल्या मुलाचं कौतुक, सगळे धरा. आता दुसरा प्रश्न. त्या प्रत्येक दिवशी स्वयंपाकघरात कोण होतं?

पहिल्याचं उत्तर आपण बोटांवर मोजून देतो. दुसऱ्यासाठी जरा आठवावं लागतं. मलाही आठवावं लागलं, आणि जे आठवलं ते सांगताना अजून संकोच वाटतो. तरी सांगते, कारण असं घर माझं एकटीचंच असेल असं मला वाटत नाही.

१९८६ साली साताऱ्याच्या आमच्या घरी सासऱ्यांची एकसष्टी झाली. मी तेव्हा दोन वर्षांची सून. अंगणात मांडव, दारी रांगोळी, तबकात कणकेचे ६१ दिवे. सासरे पाटावर, शेजारी नवं लुगडं नेसलेल्या सासूबाई. पाच सुवासिनींनी औक्षण केलं. मग भाषणं झाली, चांगली सात. प्रत्येक वक्त्यानं शेवटी एक वाक्य न चुकता म्हटलं, ‘यांच्या यशात वहिनींचा मोठा वाटा आहे.’ तो वाटा कोणता, हे एकानंही सांगितलं नाही.

आणि काकू? काकू म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई. वयाच्या बाविसाव्या वर्षी कुंकू पुसलेल्या. तेव्हापासून आमच्याच घरात होत्या. त्या दिवशी पहाटे चारपासून त्या चुलीशी होत्या. औक्षणाच्या वेळी त्यांना कुणी ‘येऊ नका’ म्हटलं नाही. पण ‘या’ असंही कुणी म्हटलं नाही. त्यांनी स्वतःच दाराआड उभं राहून बघितलं. पंगती उठल्या, पाहुणे पांगले, तेव्हा साडेतीनच्या सुमाराला कुणीतरी मला म्हणालं, “अगं, काकूंचं ताट वाढलंस का?” मी ताट नेलं. त्या म्हणाल्या, “ठेव गं तिथं. आधी कढई घासून घेते.” आणि मी ते ताट ठेवून बाहेर आले. झालं, एवढंच. पण ती कढई आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

हजार पौर्णिमांचा हिशेब

आपल्याकडे माणसाच्या वयाचा मान राखण्याच्या रीती मोठ्या सुंदर आहेत. पंचांगात ‘प्रभव’पासून ‘क्षय’पर्यंत साठ संवत्सरं असतात. ज्या संवत्सरात माणूस जन्मला ते साठ वर्षांनी फिरून येतं. म्हणून साठ पुरी झाली की षष्ट्यब्दीपूर्ती, आणि एकसष्टावं लागतं म्हणून ती एकसष्टी. एका अर्थानं माणूस पुन्हा नव्यानं जन्मतो. पुढे पंचाहत्तरीचा अमृतमहोत्सव, आणि त्याच्याही पुढे सहस्रचंद्रदर्शन.

या सहस्रचंद्राचा हिशेब करून बघा, मजेचा आहे. एका पौर्णिमेपासून दुसरी पौर्णिमा यायला सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून थोडासा जास्त काळ लागतो. अशा हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे ८० वर्षं १० महिने. कुणी ८० वर्षं ८ महिने धरतात, कुणी एक्याऐंशी पुरी होऊ देतात. एवढ्या पौर्णिमा ज्यानं पाहिल्या त्याला ओवाळायचं, त्याच्या पाया पडायचं. किती छान कल्पना आहे!

पण मैत्रिणींनो, या सगळ्या रीतींत ‘त्याचं’ वय मोजलेलं असतं. ‘ती’ शेजारच्या पाटावर असते, तेही तो असेपर्यंत. तो गेल्यावर तिच्या पौर्णिमा मोजायची आपल्याला आठवण राहत नाही.

२०१६ साली सासूबाईंच्या हजार पौर्णिमा पुऱ्या होत होत्या. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी घरात विषय काढला, तर एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी लगेच सांगितलं, “हे जोडप्याचं असतं. एकटीचं कसं करायचं?” मी गप्प बसले. सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “चंद्र काय कुंकू बघून उगवतो का? मला पण तेवढ्याच पौर्णिमा दिसल्यात की.”

झालं! कार्यक्रम ठरला. खरं सांगायचं तर दोन घरची माणसं आली नाहीत. त्यांचं वाईट वाटलं, पण मांडव काही त्यामुळं ओका दिसला नाही.

मानपत्र लिहायला बसले आणि...

मानपत्र लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं. मी आपली नेहमीची शब्दांची माळ ओवायला घेतली. ‘त्यागमूर्ती’, ‘वात्सल्यसिंधू’, ‘घराचा आधारवड’. चार ओळी झाल्या आणि वाटलं, अगंबाई, हे कुणाच्याही सासूबाईंना चालेल! यात आमच्या आई कुठे आहेत?

मग मी वही घेऊन दहा-बारा जणांकडे गेले. भाऊबंद, शेजारी, जुना वाणी, शाळेतल्या एक बाई. सगळ्यांना दोनच प्रश्न विचारले. ‘आईंनी तुमच्यासाठी काय केलं?’ आणि ‘तेव्हा त्या काय म्हणाल्या?’

काय सांगू, वही भरली! १९७२ च्या दुष्काळात, खडी फोडायला जाणाऱ्या बायकांची तान्ही पोरं आमच्या पडवीत झोपायची. त्या लाल मिलोच्या भाकऱ्या घशाखाली उतरत नाहीत म्हणून आई त्यांत गूळ कालवून द्यायच्या. एकानं फीचे पैसे सांगितले, एकीनं बाळंतपण सांगितलं. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दर तीन आठवणींतली एक काकूंची होती. पोरांना सांभाळायच्या त्या काकूच. वाण्याला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली तीही काकूंनी. “तुमच्या काकूंनी शिकवलं म्हणून खातेवही लिहिता येते बघा,” असं तो माणूस साठीच्या वयात डोळे पुसत म्हणाला.

काकू १९९९ सालीच गेल्या होत्या.

घरी येऊन आम्ही त्यांचा फोटो शोधायला लागलो. सगळे अल्बम उपसले. एकसष्टीच्या दिवशीचा एक फोटो मिळाला. सासरे-सासूबाई पाटावर, पाहुणे मागे उभे, आणि अगदी कडेला, दाराच्या चौकटीतून पुढे आलेला एक हात. हातात पाण्याची कळशी. तो हात काकूंचा. बाकी काकू फोटोत आल्याच नाहीत. त्यांचं माहेरचं नाव काय होतं, हेसुद्धा आमच्यापैकी कुणाला सांगता येईना. ते एकट्या सासूबाईंना ठाऊक होतं.

मी वही आईंपुढे ठेवली. त्यांनी सगळं वाचून घेतलं आणि म्हणाल्या, “आधी तिचं वाच. माझं नंतर. आणि माझ्या शेजारची खुर्ची मोकळी ठेवायची नाही.”

त्या खुर्चीवर त्यांनी कुणाला बसवलं असेल? आमच्याकडे तीस वर्षं भांड्याला येणाऱ्या मावशींना. काकूंचं शेवटचं दुखणं त्यांनी काढलं होतं. मावशी खुर्चीच्या कडेवर कशाबशा टेकल्या. त्यांना ओवाळताना माझ्या मनात आलं, की तीस वर्षांत आपण यांना भरपगारी रजा किती दिली? उत्तर काही अभिमानाचं नव्हतं. दुसऱ्या महिन्यापासून ते सुधारलं. सत्काराचा हा फायदा कधी ध्यानात आला नव्हता: ज्याला आपण मान देतो त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी नीट बघावंही लागतं.

मान आणि मानधन

घरातली ही गोष्ट मग गल्लीत आणि गावातही दिसायला लागली. ८ मार्च आला की जागोजागी ‘कर्तबगार महिलां’चे सत्कार होतात. व्हावेतच. पण बोलावलं कुणाला जातं आणि हातात काय पडतं ते बघा.

आपल्या अंगणवाडीच्या ताईच घ्या. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून या बायका पोरांना खाऊ घालतात, वजनं घेतात, गाणी शिकवतात, गरोदर बाईच्या घरी खेपा घालतात. त्यांना जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. शब्द किती भारदस्त! पण त्यातला मान मोठा आणि धन लहान. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं.

आशाताईंचंही तसंच. करोनाच्या साथीत त्या दारोदार फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. आपली मान ताठ झाली. आणि २०२३ साली महाराष्ट्रातल्या याच आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावं लागलं. तेव्हा तुमच्या मंडळानं आशाताईला शाल दिली असेल तर उत्तमच. पण तिचं मानधन थकलं तर चार बायकांनी मिळून चौकशीला जाणं, हाही सत्कारच की!

मानाबरोबर हातात काहीतरी खरं पडलं पाहिजे, हे ओळखणारी उदाहरणं आपल्या महाराष्ट्रात आहेत. १९८९-९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. घरच्या लक्ष्मीचं ऋण मान्य करायचं तर नुसतं ओवाळून भागायचं नाही, जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करायचा. ज्या गावातले शंभर शेतकरी असं करतील त्या गावाचा गौरव व्हायचा. गळ्यात हार घालण्यापेक्षा सातबाऱ्यावर नाव घालणं किती अवघड, ते ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगायला नको.

नावाचंच म्हणाल तर महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लावायचं. ज्या बाळाच्या नावातच आई आहे, ते मोठेपणी काकूंचं नाव विसरणार नाही अशी आशा करूया.

आणि हेरवाड! कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पुरी होत असतानाच, ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. पंधरवड्याच्या आत सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी वाचली तेव्हा मी काकूंचा तो हाताचा फोटो काढून बघितला.

प्रत्यक्ष करायचं कसं?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पटलं, पण कार्यक्रम ठरवायचा तर सुरुवात कुठून करायची? आमच्या अनुभवातून सुचलेल्या काही गोष्टी सांगते.

१. आधी तिला विचारा. चारचौघांत बसणं काही जणींना नकोसं होतं. तिला चार जणींत गप्पा हव्या असतील तर तसंच करा. ‘आश्चर्याचा धक्का’ म्हाताऱ्या माणसांना देऊ नये.

२. वेळ आणि बैठक तिच्या सोयीची ठेवा. सकाळी दहा-साडेदहा बरं. तिची औषधं आणि जेवण यांच्या मध्ये कार्यक्रम बसवा. खुर्चीला हात असावेत, मोरी जवळ असावी, कमी ऐकू येत असेल तर बोलणाऱ्यानं तिच्यासमोर उभं राहावं.

३. मानपत्रात विशेषणं कमी आणि घटना जास्त असाव्यात. वर सांगितलेले दोन प्रश्न घेऊन किमान दहा माणसांकडे जा. साल, ठिकाण, तिचे शब्द टिपा. मानपत्र एक पानाच्या आत आवरा. समारंभाआधी ते तिला एकटीला वाचून दाखवा. एखादी आठवण चारचौघांत नको असेल तर ती सांगेल.

४. शालींची मोजदाद करा! आमच्या आईंच्या ट्रंकेत चौदा निघाल्या, सगळ्यांना डांबरगोळ्यांचा वास. शालीऐवजी नवा चष्मा, मऊ गादी, मोतीबिंदूचं ऑपरेशन, माहेरच्या गावाला एक फेरी. गावातल्या बाईचा सत्कार असेल तर तिच्या नावानं शाळेच्या कपाटात पुस्तकं ठेवता येतात. आईंनी माहेरची फेरी मागितली. नदीच्या घाटावर तासभर बसून आल्या.

५. बोलणारे चारच, प्रत्येकी तीन मिनिटं. आणि उत्सवमूर्तीला शेवटी बोलायला ठेवू नका. तोवर मसालेभाताचा वास सुटलेला असतो, कुणाचं लक्ष नसतं. आमच्या आई सगळ्यांत आधी बोलल्या.

६. त्या दिवशी स्वयंपाकघरात कोण आहे ते बघा. घरच्याच बायका असतील तर पाळ्या लावा, पुरुषांनाही त्यात धरा. आचारी असतील तर त्यांना बाहेर बोलावून नावानिशी आभार माना.

७. ओवाळायला कुणाला बोलवायचं ते घरानं आधी ठरवावं. ‘येईल तिनं ओवाळा’ असं म्हटलं की जिला वर्षानुवर्षं मागं ठेवलंय ती पुढं येत नाही. तिचा हात धरून आणावं लागतं.

८. जुन्या फोटोंच्या मागं शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहून ठेवा. पेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. आजीचा आवाज मोबाइलवर घेऊन ठेवा. गोडा मसाल्याचं प्रमाण, तिची लग्नाची हकिगत, जात्यावरच्या ओव्या, काय येईल ते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव नोंदलेलं आहे. ज्या बायकांचं नाव एरवी कुठल्याच कागदावर आलं नसतं, त्यांची नावं तिथं टिकली.

उशीर करू नका

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांना १९५८ साली, त्यांच्या शताब्दीच्या वर्षी, भारतरत्न मिळालं. शंभर वर्षांच्या त्या तपस्व्याला ते शोभलंच. पण १८९३ साली लोकांचा रोष पत्करून ज्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला, ज्यांनी संसाराची सगळी ओढाताण सोसली, त्या बाया कर्वे तोवर या जगात नव्हत्या. त्यांनी स्वतःच ‘माझे पुराण’ लिहून ठेवलं म्हणून त्यांची बाजू आपल्याला कळते. सगळ्याच जणींना काही आपलं पुराण लिहिता येत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी लिहून घ्यावं लागतं, आणि त्या असतानाच.

आमच्या सासूबाई २०२० साली गेल्या. वाईट वाटलं, पण त्यांना सांगायचं राहून गेलं असं काही नव्हतं. ते सगळं त्यांनी कानांनी ऐकलं होतं, आणि मध्येमध्ये “तसं नव्हतं गं, मी रागावले होते त्या दिवशी,” अशी दुरुस्तीही केली होती. काकूंच्या बाबतीत तसं झालं नाही. त्यांचं मानपत्र आता सासूबाईंच्या मानपत्राशेजारी भिंतीवर आहे, वर त्यांचं माहेरचं आणि सासरचं दोन्ही नाव आहे. येणारेजाणारे वाचतात. काकूंनी मात्र ते वाचलं नाही.

म्हणून म्हणते, मैत्रिणींनो, साठाव्या किंवा एक्याऐंशीव्या वर्षाची वाट कशाला बघायची? या आठवड्यात एक दुपार काढा. घरातल्या, नाहीतर गल्लीतल्या त्या एकीला तुमच्या हातचा चहा करून द्या. तिला खुर्चीवर बसवा, तुम्ही स्टुलावर बसा. आणि विचारा, “तुमचं माहेरचं नाव काय हो?”

वही जवळ ठेवा. लागेल.